आक्रमक नाही हो, घाबरलीय ती

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवड्यातून एकदा तरी कुत्र्यांवरून जुंपते, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. श्वानप्रेमी आणि श्वानविरोधी दोन्हीकडून शिव्या पडणार आहेत, ते धरूनच लिहितोय.

गेल्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या पार्किंगमधली सावळी चावली. तिसऱ्या मजल्यावरच्या आठ वर्षांच्या मुलाला, मनगटाला. रक्त आलं. त्याच्या आईने नळाखाली हात धरून साबणाने १५ मिनिटं जखम धुतली, मग आम्ही त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. लस, जखमेत सीरम, पुढच्या डोसांसाठी ३, ७ आणि २८ वा दिवस. हे आधीच लिहितो, कारण कुत्र्यांची बाजू घेणारी आमच्यासारखी माणसं नेमकं हेच गाळतात. रेबीज एकदा झाला की माणूस जवळजवळ वाचतच नाही. त्या बाईंचा संताप मला तेव्हाही चुकीचा वाटला नव्हता, आजही वाटत नाही.

आम्ही दवाखान्यातून परत येईपर्यंत ग्रुपवर निकाल लागला होता. "आक्रमक कुत्री आहे, उद्या गाडी बोलवा."

आता हा 'आक्रमक' शब्द साधा राहिलेला नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ११ तारखेला दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं आणि २२ तारखेला त्यात बदल केला. नसबंदी आणि लसीकरण करून होती तिथेच परत सोडा. रेबीज झालेली, त्याचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री मात्र सोडू नका. म्हणजे कुत्रं परत गल्लीत येणार की पिंजऱ्यात राहणार, हे या एका शब्दावर येऊन ठेपलं. आणि आपण तो शब्द ग्रुपवर अंगठा दाखवून ठरवतो!

खरं काय झालं होतं ते वॉचमनकाकांनी सांगितलं. संध्याकाळी सातपासून आमच्या बिल्डिंगच्या दोन्ही बाजूंना सुतळी बॉम्ब चालू होते. सावळी एका स्कूटरच्या मागे भिंतीला चिकटून बसली होती. शेपूट पोटाखाली, कान मागे, थरथर. मुलगा चांगल्या मनाने गेला. "ये, घाबरू नको" म्हणत त्याने तिचा पाय धरून तिला बाहेर ओढलं. मागे भिंत, पुढे हात. पळायची वाट असती तर ती पळाली असती.

कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा किती तिखट असतात ते बघा. आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. फटाका फुटतो त्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपर्यंतचा आवाज कायद्यात बसतो. रात्री १० नंतर आवाजाचे फटाके नकोत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगून ठेवलंय. आमच्याकडे साडेअकराला शेवटची माळ लागली. लावणारे कमिटीतलेच होते. असो.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. सावळीच्या कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी झालेली, आणि लसीचा कागदही निघाला. डॉक्टरांनी १० दिवस तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. मी म्हटलं, ते काम माझं. मोठ्या तोऱ्यात म्हटलं, आणि पहिल्याच दिवशी तोंडावर पडलो. पार्ले-जीचा पुडा घेऊन समोर गेलो, वाकलो, डोळ्यात बघून गोड आवाजात बोललो, डोक्यावरून हात फिरवायला गेलो. सावळी गुरगुरली आणि कंपाउंडच्या फटीतून निघून गेली ती रात्री आलीच नाही.

आई दिवाळीला माणहून आली होती. ती हे सगळं बाल्कनीतून बघत होती.

"आरं, तू तर तिच्या आंगावरच गेलास की," म्हणाली. "डोळ्यात नगं बघूस. आन वरनं हात कशाला आणतूस? वरनं येतंय ते मारायलाच येतंय, आसं वाटतंय जनावराला."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेथीची जुडी घेऊन पार्किंगमध्ये जाऊन बसली. सावळीपासून दहा-बारा पावलांवर, तिच्याकडे पाठ करून. मेथी निवडली. मधूनच भाकरीचा तुकडा न बघता मागे टाकला, तोही सावळीच्या पलीकडे, म्हणजे खायला तिला लांब जावं लागेल असा. मला वाटलं, नेम चुकतोय हिचा. नंतर कळलं की गंमत तिथेच आहे. तुकडा आपल्या हातात असला की भुकेलं जनावर भीती दाबून जवळ येतं आणि आल्यावर भानावर येऊन दचकतं. चावे अशा वेळी बसतात. तुकडा लांब पडला की खाणंही मिळतं आणि माणसापासून सुटकाही. मग पुढच्या वेळी ते आपणहून एक पाऊल जवळ येतं.

"नवा बैल आणला की पयलं आठ दिस त्येला जू दावायचं न्हाई," आई म्हणाली. "येळेवर वैरण टाकायची, जवळ बसायचं, आन बोलत ऱ्हायचं. मंग गळ्याखाली खाजवायचं. डोक्याला हात लय उशिरा."

तुरिद रुगोस नावाच्या एका नॉर्वेजियन बाई आहेत, कुत्र्यांच्या प्रशिक्षक. कुत्री मान वळवून, जांभई देऊन, नाक चाटून, जमीन हुंगत बसून एकमेकांना 'शांत हो' कसं सांगतात, ते त्यांनी लिहून ठेवलंय. मी ते नंतर वाचलं. आईने काही वाचलं नव्हतं, पण पाठ करून बसणं आणि मान वळवणं तेच. झोप आलेली नसताना कुत्रं जांभया देतंय, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, तर समजा की ते वैतागलंय. तिथे थांबायचं. गुरगुरण्यावर ओरडू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मार खाऊन बंद पडली की पुढच्या वेळी सूचना न देताच दात लागतात.

अजून एक गैरसमज. घाबरलेल्या जनावराला जवळ घेतलं तर भीती वाढते, म्हणे. भीती म्हणजे हट्ट नव्हे, लाडाने ती वाढत नाही. ते आपणहून येऊन टेकलं तर टेकू द्या, छातीवरून सावकाश हात फिरवा. फक्त ओढून जवळ घेऊ नका. आणि ऑनलाइन मिळणारी 'नैसर्गिक' तेलं लावण्याआधी डॉक्टरांना विचारा, टी ट्री ऑइल कुत्र्या-मांजरांना विषारी आहे. आपल्या झोपेच्या गोळ्या तर अजिबात नकोत. भीती फारच असेल तर पशुवैद्याकडे खरी औषधं असतात, ती घेण्यात कमीपणा नाही.

दहा दिवस गेले, सावळी ठणठणीत राहिली. आई अकराव्या दिवशी गावी गेली. तोवर सावळी चार पावलांवर येऊन बसत होती. त्यापुढे यायला आणखी दोन महिने लागले. डोक्याला हात मात्र ती अजून लावू देत नाही, आणि आता मी प्रयत्नही करत नाही.

मुलाची आई आजही मला म्हणते, "तुमची कुत्री बदलली असेल, माझ्या मुलाची झोप अजून उडते." यावर माझ्याकडे उत्तर नाही. घाबरलेले दोघं होते आणि आम्ही आधी एकाकडेच बघितलं. आता तो मुलगा पहिल्या मजल्याच्या जिन्यावरून तुकडा टाकतो. खाली कधी उतरायचं ते तो ठरवेल. त्याला कोणी "काही करत नाही रे ती" म्हणायचं नाही, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

बाकी कमिटीत दोन गोष्टी पास झाल्या. २०२३ च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांना खायला घालायची जागा मुलांच्या खेळण्यापासून आणि गेटपासून लांब हवी. आमची गेटलाच होती, आणि चूक आम्हा खायला घालणाऱ्यांचीच होती. ती मागच्या भिंतीकडे हलवली. दुसरं म्हणजे पाण्याच्या टाकीजवळची रिकामी खोली. गणपतीची मिरवणूक आणि दिवाळीचे चार दिवस ती उघडी ठेवायची. आत जुनी गोधडी, पाण्याचं भांडं आणि बाहेरचे आवाज जरा बुडावेत म्हणून एक घरघरणारा टेबल फॅन. दार अर्धं उघडं, म्हणजे आत कोंडल्यासारखं वाटत नाही. आत कुणी हात घालायचा नाही.

किल्ली वॉचमनकाकांकडे आहे. गोधड्या दोन जमल्यात, अजून एक लागेल. धुतलेली नको, वापरातली द्या, ओळखीच्या माणसाचा वास असू दे.