वाड्यातल्या दोन खोल्या

जुन्या वाड्याच्या भिंतीला प्लॅस्टिक पेंट टिकत नाही. विटा-मातीची जाड भिंत पावसाळ्यात ओल धरते. ती ओल पुढे बाहेर पडायला बघते आणि वर रंगाचा पक्का थर असला, की त्याला फुगवून पोपडे पाडते. माझ्या भाचीने लग्नानंतर पुण्यात सदाशिव पेठेतल्या अशाच एका वाड्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या, तेव्हा बाहेरच्या खोलीची भिंत पोपड्यांनी भरलेली होती. दोघंही नोकरी करणारे, पण पगारातला बराच भाग शिक्षणाच्या कर्जाच्या हप्त्यांत जाणारा. घर लावायला हाताशी 25,000 रुपये. फर्निचरच्या दुकानात एका सोफ्याचीच किंमत त्याच्या पुढे गेली. ‘‘मावशी, तू येतेस का गं बरोबर?’’ असा तिचा फोन आला आणि मी त्या घरात गुंतले.

भिंतीवरचा उपाय वाड्यातच होता. खाली राहणाऱ्या मालकीणबाईंनी, सगळे त्यांना आजीच म्हणतात, एका वाक्यात सांगितलं, ‘‘रंग सगळा खरवडून काढा आणि चुना लावा.’’ जावयाने कळीचा चुना आणला. त्यावर पाणी पडताच तो फसफसून उकळायला लागतो, म्हणून पत्र्याचं पिंप घेतलं आणि डोळ्यांना चष्मे लावले. रात्रभर मुरलेला चुना सकाळी फडक्यातून गाळला, त्यात डिंकाचं पाणी आणि थोडी नीळ घातली. पहिला हात मारल्यावर भाचीचा चेहरा उतरला. ओला चुना पाण्यासारखाच दिसतो, खालचे डाग सगळे तसेच. पण तो वाळत गेला तशी भिंत उजळत गेली. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुना हळूहळू दगडासारखा घट्ट होतो आणि तरीही भिंतीतली ओल बाहेर सोडतो. तीन पातळ हात दिले. दोन कोनाड्यांच्या आत मात्र भाचीने चुन्यात पिवडी कालवून हळदी रंग दिला. ही तिचीच कल्पना, आणि माझ्या मते साऱ्या घरातली सर्वांत चांगली. खर्च हजाराच्या आत.

सोफ्याचं काय करायचं? माझ्या बहिणीच्या माळ्यावर कापसाच्या दोन गाद्या वर्षानुवर्षं पडून होत्या, दबून पार चपट्या झालेल्या. पिंजाऱ्याने त्या उसवल्या, कापूस पिंजला आणि त्यातून एक भरघोस गादी, एक लोड आणि चार तक्के भरून दिले. पिंजल्यावर कापसाचे दबलेले तंतू मोकळे होतात, त्यांच्यात पुन्हा हवा खेळते आणि गादी नव्यासारखी फुगते. नवं लागलं ते फक्त अभ्र्यांचं कापड. तक्क्यांसाठी खण घ्यायचा ठरला. खणाचा पन्हा लहान, त्यामुळे मोठ्या पडद्याला तो जोडत बसावं लागतं, पण तक्क्याला नेमका पुरतो. गडद जांभळ्या खणाला लाल काठ. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीपुढे तो रंग असा उठून दिसला, की भिंतीवर आणखी काही लावायची गरजच वाटेना.

तरीही एक गोष्ट लागली. भाचीच्या आजीची, म्हणजे माझ्या आईची गोधडी. वरचा थर तिच्या सुती लुगड्याचा, आतही जुनीच लुगडी. धावदोरा कडेने सुरू होतो आणि चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत येतो. जवळून पाहिलं तर एका कोपऱ्यात टाके अगदी बारीक आहेत आणि पुढे ते मोठे होत जातात. तिची नजर त्या काळात कमी होत चालली होती. ती गोधडी कपाटात घडी करून ठेवणं मला पटेना. बांबूच्या काठीवर टाकून ती भिंतीला लटकवली, आणि काठीसाठी खिळा ठोकावा लागला नाही, कारण वाड्याच्या भिंतीत लाकडी खुंट्या होत्याच.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे स्वस्त मिळतं हे खरं, पण पारखून घ्यावं लागतं. पितळ म्हणून दाखवलेल्या वस्तूला खिशातलं लोहचुंबक लावायचं. चिकटलं तर आत लोखंड आहे. लाकडाला बारीक भोकं दिसली तर वस्तू हातात घेऊन ठोकायची. ताजी भुकटी गळली तर किडा अजून आत आहे, वस्तू तिथेच ठेवायची. अशा एका सुंदर मांडणीवर भाचीने पाणी सोडलं. पुढे पितळी कडीकोयंड्याची एक शिसवी पेटी मिळाली. विक्रेता 2,000 म्हणाला, घासाघीस होऊन 1,300 ला ठरली. आता तीच बैठकीपुढचं टेबल आहे, आणि आत पांघरुणं मावतात.

पेटी घेऊन परतताना मी भाचीला राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेलं. दिनकर तथा काका केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेल्या तिथल्या वस्तूंत राजेरजवाड्यांच्या दौलतीपेक्षा घरगुती चिजाच जास्त आहेत: अडकित्ते, दिवे, पळ्या, पेट्या, दारं. संग्रहालयाला नाव आहे ते त्यांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं. सुपारी कातरायच्या साधनाला मोराची मान देणाऱ्या त्या कारागिरांपुढे मी दरवेळी हात जोडते. भाची अडकित्त्यांच्या कपाटापुढून हलेना. घरी येऊन तिने माझ्या आईचा अडकित्ता आणि तांब्या चिंच-मिठाने घासून हळदी कोनाड्यात मांडले. विकत आणलेला एकही शोपीस त्या घरात नाही.

उजेडाकडे सहसा कुणी लक्ष देत नाही, आणि तिथे पैसेही फारसे लागत नाहीत. खोलीत छताजवळ ट्यूब होती, 6,500 केल्विनची, दवाखान्यासारखा पांढरा उजेड देणारी. ती कामापुरती ठेवली. संध्याकाळसाठी 2,700 केल्विनचा पिवळा एलईडी दिवा बैठकीच्या बाजूला, बसल्यावर डोळ्यांच्या खाली येईल इतक्या उंचीवर लावला. त्याला बुरूड आळीतली पालथी टोपली हीच शेड. एलईडी फारसा तापत नाही, म्हणून बांबूजवळ चालतो. जुना तारेचा बल्ब तिथे लावू नये.

काटकसर केली नाही ती दोनच ठिकाणी. वायरिंग कापडी आवरणाचं, फार जुनं होतं. ते आजींशी बोलून निम्म्या-निम्म्या खर्चात पूर्ण बदललं. आणि झोपायची गादी नवीन, चांगल्यातली घेतली, कारण जावयाला पाठीचा त्रास आहे. या दोन्हींनी मिळून अर्ध्याहून अधिक पैसे खाल्ले आणि ते योग्यच झालं. स्वयंपाकघराच्या फळ्या अजून राहिल्यात. त्यासाठी वाड्यातल्याच एका पडक्या खोलीचं सागवानी दार आजींनी देऊ केलंय, आणि सुतार रविवारी मापं घ्यायला येणार आहे.