अजून फास्ट? किती अंतरावर?

'फास्ट' म्हणजे भारी, हा आपल्या ऑफिसांचा लाडका फंडा. त्याला पहिला सुरुंग लागला तो मी टेक्सासला ऑनसाइट असताना. तोही एका बंदूकवेड्या सहकाऱ्यामुळे!

हा पठ्ठ्या रायफलची काडतुसं घरी स्वतः भरतो. 'हँडलोडिंग' म्हणतात त्याला. अमेरिकेत चांगलाच रुजलेला छंद आहे. दारू मोजायची ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, म्हणजे सोनाराचाच काटा! एवढा खटाटोप गोळी जोरात पळावी म्हणून का, असं विचारलं तर तो म्हणाला, "जोरात नाही रे, सारखी पळावी म्हणून."

गणित सोपं आहे. त्याची ६.५ क्रीडमूर रायफल सेकंदाला साधारण २७०० फूट वेगाने गोळी सोडते. दोन गोळ्यांच्या वेगात ३० फुटांचा फरक पडला, तर १०० यार्डांवर तो जेमतेम एक-दीड मिलिमीटर दिसतो. पण १००० यार्डांवर हळू गोळी जवळजवळ वीतभर खाली लागते, कारण तिला पोचायला जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ गुरुत्वाकर्षण तिला ओढत राहतं. म्हणून हा क्रोनोग्राफवर प्रत्येक गोळीचा वेग मोजतो आणि बघतो काय, तर सगळ्यात फास्ट आणि सगळ्यात स्लो यांतलं अंतर.

वेगाचा फायदा असतोच. फास्ट गोळी वाऱ्याने कमी सरकते. पण त्यासाठी दारू वाढवली की दाब वाढतो, बॅरल लवकर झिजते आणि मर्यादा ओलांडली तर रायफल फुटूही शकते.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ जिंकलं. तिथली .२२ ची काडतुसं फॅक्टरीतूनच येतात. पण स्पर्धेसाठीच्या या गोळ्यांचा वेग सहसा मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा किंचित कमी ठेवतात. आवाजाचा वेग ओलांडून पुन्हा त्याखाली येताना गोळी डगमगू शकते आणि समोर दहाचं वर्तुळ असतं फक्त १०.४ मिलिमीटरचं!

त्याच सुमारास आमच्या डोक्यावर 'स्प्रिंट व्हेलॉसिटी'चं भूत होतं. मॅनेजरला ४० चे ६० पॉइंट्स हवे होते. दोन ज्युनियर्स रात्री दोन-दोनपर्यंत जागत होते, त्यातल्या एकीचं बाळ सात महिन्यांचं. मी मागचे आकडे काढले : २८, ५१, ३३, ४८. मीटिंगमध्ये म्हटलं, "साठ नाही जमणार. चाळीस देतो, पण दर वेळी चाळीस."

त्या वर्षी माझं रेटिंग एक पायरी खाली आलं. टीममधून मात्र एकही राजीनामा पडला नाही.

तेव्हा दोस्तहो, कोणी 'अजून फास्ट' म्हणालं की एवढंच विचारा : १०० यार्डांसाठी की १००० यार्डांसाठी?