गुरूची नात

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या नातीनें ज्युदोच्या वर्गांत नांव घातलें, तेव्हां घरांत माझाच काय तो विरोध होता. मुलीनें झोंबाझोंबी करावी हें मनास रुचेना. परंतु पहिला पंधरवडा तिला कोणास पाडावयास नव्हे, तर स्वतः न दुखतां पडावयासच शिकविलें, हें पाहून कुतूहल वाटलें आणि या विद्येचें मूळ मी शोधूं लागलों.

जिगोरो कानो १८६० सालीं जपानांत जन्मला. देहयष्टि किरकोळ, दांडगे सोबती छळीत, म्हणून तो जुजुत्सु ही सामुराईंची नि:शस्त्र झुंजीची जुनी विद्या शिकावयास निघाला. तोंपर्यंत तिला फारसें कोणी विचारीत नव्हतें. टोकियोंत हाडें बसविण्याचा धंदा करणारे हाचिनोसुके फुकुदा हे त्याचे पहिले गुरु. डाव कसा साधतो असें विचारलें कीं, उत्तरादाखल ते शिष्यास पुन्हां आपटीत! १८७९ सालीं ते वारले. १८८२ सालीं कानोनें एका बौद्ध मंदिरांत, बारा चटयांच्या जागेंत, ‘कोडोकान’ ही शाळा काढली. पहिल्या वर्षीं शिष्य अवघे नऊ. शक्तीचा उत्तम उपयोग आणि आपल्यासवें दुसऱ्याचेंहि हित, हीं त्याचीं सूत्रें.

१९३५ च्या सुमारास आपल्या दिवंगत गुरूंची नात केइको हिला कानोनें आपण होऊन शिकावयास बोलाविलें. बाईंची उंची पुरी पांच फूटहि नव्हती. त्यांनीं विवाह केला नाहीं. ही विद्याच वरली. १९३८ सालीं परदेशाहून परततांना कानो जहाजावरच निवर्तला. पुढें १९४८ सालीं यूरोपचा संघ झाला, १९५१ सालीं जागतिक. संस्था मोठ्या झाल्या, पण कोडोकानांत स्त्रीला पांचव्या श्रेणीपुढें जातां येऊं नये हा नियम तसाच राहिला. केइको फुकुदा १९५३ सालीं पांचव्या श्रेणीस पोहोंचल्या; सहावी मिळाली ती १९७२ च्या सुमारास, आणि तीहि लोकांनीं पत्रांचा मारा केल्यावर! ज्यांच्या आजोबांनीं संस्थापकास घडविलें, त्यांची ही कथा. कोडोकाननें त्यांस २००६ सालीं नववी श्रेणी दिली. दहावी २०११ सालीं, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षीं मिळाली, ती अमेरिकेच्या संघटनेकडून. २०१३ सालीं त्या वारल्या.

नियम करणारांचा मला राग आला खरा; पण मग उन्हाळ्यांत मी स्वतः काय बोललों होतों, तेंहि आठवलें. नातीपाशीं तो विषय मीं काढला नाहीं. पुढील तिमाहीची फी भरावयास मात्र मीच गेलों.