पाली घरी कशी शिकावी?

वंदना आपल्या घराघरांत पाठ आहे. चार वर्षांचे मूलही पंचशील म्हणते. पण 'वेरमणी' म्हणजे काय, असे कोणी विचारले तर मोठी माणसेही गप्प होतात. अर्थ न समजता पोथी ऐकण्याची रीत आपण १९५६ साली सोडली. मग शील तरी अर्थाशिवाय का म्हणावे? वाडीत शिक्षक नसला तरी पाली घरी शिकता येते. मात्र साधने नीट निवडली पाहिजेत.

पुस्तक घेताना आम्ही तीन गोष्टी पाहतो. मजकूर देवनागरीत हवा, अर्थ मराठीत किंवा सोप्या हिंदीत हवा आणि शब्दन् शब्द फोडून दाखवलेला हवा. संस्कृत येते असे धरून लिहिलेले पुस्तक पहिल्या वर्षी नको. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. पुढे ते स्वतःच्या कष्टाने संस्कृत शिकले. पाली शिकायला तर संस्कृतची अटच नाही.

सुरुवात पाठ असलेल्या शीलापासूनच करावी. 'अदिन्नादाना' हा शब्द घ्या. 'अदिन्न' म्हणजे न दिलेले, 'आदान' म्हणजे घेणे, शेवटचा 'आ' म्हणजे आपले 'पासून'. 'वेरमणी' म्हणजे दूर राहणे. म्हणजे शील नुसत्या चोरीपुरते नाही. मापात मारलेली मासळी आणि कचेरीतले खोटे बिलही त्यात आले. अर्थ कळला की शील अंगाला लागते, ते असे.

पुढची पायरी बाबासाहेबांचीच. त्यांनी तयार केलेले पाली व्याकरण आणि शब्दकोश महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात छापले. कोशात मराठी अर्थही आहेत. जोडीला भदंत आनंद कौसल्यायन यांचा पाली-हिंदी कोश ठेवावा. भिक्षू जगदीश काश्यप यांचे 'पालि महाव्याकरण' मोठे आहे, ते दुसऱ्या वर्षी. शेजारच्या गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी पालीसाठी थेट सिलोनला गेले आणि परतून मराठीत लिहिते झाले. त्यांची पुस्तके वाचनाला उत्तम. मूळ तिपिटक इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीत आणले आहे. आता ते मोबाईलवरही फुकट मिळते.

पाली परकी वाटत नाही. हत्थ म्हणजे हात, मच्छ म्हणजे मासा, समुद्द म्हणजे समुद्र. 'लोण' म्हणजे मीठ, आपल्या लोणच्यातले. अंगुत्तर निकायातल्या पहाराद सुत्तात भगवान सांगतात, समुद्राला एकच चव, मिठाची. तशी धम्माला एकच चव, विमुक्तीची. नद्या समुद्राला मिळाल्या की नावे सोडतात, तसे चारही वर्णांचे लोक संघात आपली नावे सोडतात. मालवणच्या किनाऱ्यावर हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ते मूळ शब्दांत वाचावे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात दर्जा दिला. पण भाषा जगते ती घरात. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्या चाकरमान्यांनी तिथल्या स्टॉलवरून एक तरी पाली पुस्तक गावी आणावे. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होतेच. त्यानंतर रोज पाच शब्द फळ्यावर लिहावेत. आया-बहिणींनी आणि मुलांनी ते एकत्र वाचावेत. तीन महिन्यांत साडेचारशे शब्द होतात.

जयभीम!