बारनवापाऱ्याच्या वाटेवर वाऱ्याची वीज

रायपूरहून सुमारे १०० किलोमीटरवर बारनवापारा अभयारण्य आहे. साग, ऐन आणि बांबूचे हे रान १९७६ साली संरक्षित झाले. राहत्या गाडीतून इकडे सहकुटुंब यायचे, तर विजेसाठी टपावर छोटी पवनचक्की बसवावी का? साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्या गरगरतात. पण तसा वारा छत्तीसगडच्या मैदानात नाही. वाऱ्याचा वेग निम्मा झाला, की वीज एक-अष्टमांशच मिळते. इथे वारा जोर धरतो पावसाळ्यात, आणि तेव्हा अभयारण्य बंद असते. सहलीच्या हिवाळ्यात वारा मंद, ऊन मात्र लख्ख! म्हणून टपावर सोलर पॅनेल आणि आत बॅटरी हेच बरे. जनरेटरची घरघर नसली, म्हणजे रात्री मुलांना चितळांची हाकही ऐकू येईल.