प्रकाशक बदलले, मालक नाही

ईलिंग, लंडन

चि. ओंकार,


तुझ्या आणि मृण्मयीच्या चित्रकथेची पानं मिळाली. एका बैठकीत वाचून काढली आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून वाचली. कोयनेच्या धरणाच्या पाण्याखालचं ते बुडालेलं शहर तिने काय ताकदीने काढलंय! मराठीत विज्ञानकथा रुजायला वेळ लागला. जयंत नारळीकरांसारख्या शास्त्रज्ञानेसुद्धा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली होती. पण चित्रांतून सांगितलेली, मोठ्यांसाठीची, सलग चालणारी विज्ञानकथा अजूनही आपल्याकडे दुर्मीळच आहे. म्हणून तुमचं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

सोबत पाठवलेला करारनामाही वाचला. ‘सर्व भाषांतील, सर्व माध्यमांतील हक्क कायमस्वरूपी’ हे कलम वाचून मात्र काळजी वाटली. सही करायच्या आधी इथल्या एका चित्रमालिकेची हकीकत ऐक.

आमच्या ईलिंग ब्रॉडवेहून सेंट्रल लाइनने पंधरा-वीस मिनिटांत नॉटिंग हिल गेट येतं. तिथून चालत गेलं की पोर्टोबेलो रोड. सत्तरच्या दशकात तिथे ली हॅरिस यांचं ‘अल्केमी’ हे हिप्पी वस्तूंचं दुकान होतं आणि त्यांनीच ‘ब्रेनस्टॉर्म’ नावाची अंडरग्राउंड कॉमिक्स काढली. वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर या कॉमिक्सना थारा नव्हता, ती असल्याच दुकानांतून हातोहात खपायची. उत्तर इंग्लंडातल्या विगनमध्ये जन्मलेला ब्रायन टॅलबट हा तरुण त्यांत चित्रं काढायचा. १९७६ साली त्याने ल्यूथर आर्कराइट या नायकाची एक छोटी कथा तिथे केली. समांतर विश्वांमध्ये केवळ इच्छाशक्तीने ये-जा करणारा हा माणूस. त्यातल्या एका विश्वात राजेशाही उलथवणाऱ्या क्रॉमवेलच्या कडव्या अनुयायांची राजवट इंग्लंडात अजून टिकून आहे, असा मोठा पट टॅलबटला पुढे दिसू लागला.

१९७८ साली एडिंबराच्या ‘निअर मिथ्स’ मासिकात ही कथा क्रमशः सुरू झाली. पाच अंक निघाले आणि मासिक बंद पडलं. १९८२ साली ‘प्स्स्ट!’ या गुळगुळीत, देखण्या मासिकाने ती उचलली. तेही त्याच वर्षी मिटलं. त्याच प्रकाशकाने पहिला खंड तेवढा पुस्तकरूपात काढला होता. पुढची काही वर्षं टॅलबटने पोटापाण्यासाठी ‘२००० एडी’ या साप्ताहिकात चित्रं काढली. गोष्ट अर्ध्यावरच होती. १९८७ साली व्हाल्किरी प्रेस हा छोटा प्रकाशक पुढे आला आणि १९८९ पर्यंत नऊ अंकांत ती पुरी झाली. लगोलग अमेरिकेत डार्क हॉर्स या प्रकाशकाने तिची आवृत्ती काढली, १९९९ साली पुढचा भाग आला आणि २०२२ साली तिसरा.

मधल्या काळात बाजारही बदलला होता. कॉमिक्सची खास दुकानं उभी राहिली होती. ती अंक आगाऊ नोंदवून घेत आणि न खपलेले परत करत नसत. त्यामुळे किती प्रती छापायच्या हे छोट्या प्रकाशकाला आधीच कळायचं. आपल्याकडची प्रकाशनपूर्व सवलत थोडीफार हेच काम करते. तुम्हीही तिचा विचार करा.

पण बाजार अनुकूल झाला तेव्हा गोष्ट टॅलबटच्या हातात होती, हे महत्त्वाचं. एकामागून एक प्रकाशक बुडाले, तरी मालक तोच राहिला. म्हणून अर्धवट कथा उचलून नव्या दाराशी जाताना त्याला कुणाची परवानगी मागावी लागली नाही. आणि कुणाच्या धोरणापायी चित्रभाषा बदलावी लागली नाही. दुसऱ्या खंडात नायकाचा मृत्यू आणि पुनर्जन्म आहे, ती पानं मृण्मयीला आवर्जून दाखव. जुन्या कोरीवचित्रांसारख्या बारीक काळ्या रेघा आणि पानभर विखुरलेल्या चौकटी. ‘धडाम’ नाही, वेग दाखवणाऱ्या रेषा नाहीत, मनातल्या विचारांचे फुगे नाहीत. डोळ्यांनीच सगळं जुळवायचं. साप्ताहिकाच्या पगारी चौकटीत एवढी मोकळीक मिळणं कठीण होतं.

याच्या उलट ‘मार्व्हलमॅन’चं झालं. १९५४ सालचा हा नायक अॅलन मूर यांनी १९८२ साली ‘वॉरियर’ मासिकात नव्याने उभा केला. २६ अंकांनंतर मासिक बंद झालं. कथा अमेरिकेत ‘मिरॅकलमॅन’ नावाने गेली, तिथला प्रकाशकही बुडाला आणि हक्क नेमके कुणाचे यावर वर्षानुवर्षं घोळ चालला. नील गेमन आणि मार्क बकिंगहॅम यांनी पुढे नेलेली गोष्ट १९९३ साली थांबली, ती २००९ साली मार्व्हल या बड्या कॉमिक्स-प्रकाशकाने मूळ निर्माते मिक अँग्लो यांच्याकडून हक्क घेतल्यावर, २०२२ साली पुढे सरकली. वाचकांची एक पिढी शेवटाची वाट बघत राहिली.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूचा आहे, पण कागदावर काय लिहिलंय त्यावर बरंच अवलंबून असतं. हक्क किती काळासाठी दिले हे करारात नमूद नसेल, तर कायदा ते पाच वर्षांपुरतेच मानतो. ‘कायमस्वरूपी’ असं लिहून दिलंत की ते संरक्षण गेलं. तेव्हा फक्त मराठी, फक्त छापील पुस्तक आणि ठरावीक वर्षं, एवढंच द्या. मानधनाचा आकडा लिहून घ्या. आवृत्ती संपल्यावर ठरावीक मुदतीत पुनर्मुद्रण झालं नाही तर हक्क आपोआप परत यावेत, हेही घाला. आणि तुझ्या-मृण्मयीमध्ये संहिता कुणाची, चित्रं कुणाची, मिळकतीचा वाटा किती, हे आजच, गोडी आहे तोवर लिहून काढा.

प्रकाशकाशी भांडू नकोस. छोटा प्रकाशक स्वतःचे पैसे घालून पुस्तक काढतो, त्याच्याबद्दल कृतज्ञता हवीच. पण तोही उद्या अडचणीत येऊ शकतो, आणि त्या दिवशी तुमची गोष्ट त्याच्याबरोबर अडकून पडता कामा नये. नाहीच जमलं तर एखाद्या दिवाळी अंकात पहिलं प्रकरण द्या आणि थांबा. टॅलबटची गोष्ट पुरी व्हायला दशक गेलं, तुम्हाला दोन वर्षं जास्त लागली तरी बिघडत नाही.

कराराचा नवा मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठव. ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझी,
मावशी