तुंगारेश्वराला जाताना

मैत्रिणींनो, श्रावण लागला की वसई-विरारच्या घराघरांत एकच बेत शिजतो: ‘यंदा सोमवारी तुंगारेश्वराला जायचंच!’ जरूर जा. वसई रोडला पूर्वेकडे उतरून रिक्षा करा, मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडा आणि पायथ्यापासून जंगलातली वाट धरा. चढ फार नाही, गप्पांत सरतो. परशुराम नि विमलासुर यांच्या युद्धाची कथा या डोंगराशी जोडलेली आहे. खाली निर्मळच्या विमल तलावालाही त्याच असुराचं नाव. वर झाडीत महादेवाचं देऊळ. गाभाऱ्यात पिंडीसमोर हात जोडले की चालण्याचा शीण कुठल्या कुठे जातो.

पण एक सांगते, मनावर घ्या. वाटेत ओढे आडवे येतात. खाली लख्ख ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस झाला की पाणी बघता बघता चढतं. त्यात आपल्या कडेवर मूल नि पोटात उपास! पाणी गढूळ झालं, जोर धरू लागलं, की सरळ मागे फिरा. ‘नवस राहिला’ म्हणून हळहळू नका. घरच्या पिंडीवर वाहिलेला बेलही त्याला पोचतोच.

हा डोंगर २००३ पासून अभयारण्य आहे. इथे बिबट्याचा वावर असतो. म्हणून उजेडी परता, माकडांना प्रसाद देऊ नका आणि उपासाच्या चिवड्याच्या रिकाम्या पिशव्या पर्समध्ये घालून घरी आणा.